विरजणापुरतं

ओहोटीला समुद्र इथे इतका मागे सरतो
की उरतात नुसते खडक, डबकी
आणि लोखंडी गज घेऊन वाकलेल्या बाया.
मादागास्करचा हा नैर्ऋत्य किनारा.
सोअवेलो त्या बायांतलीच एक.
बीळ ओळखायचं कसं, मी विचारलं.
दारात शिंपल्यांचा केर दिसला, ती म्हणाली,
की समजायचं, आत कुणी जेवलंय.

माझ्या वहीत मथळा होता : शाश्वत विकास.
शाश्वत. गाभाऱ्यातला शब्द,
आत्म्याबित्म्याला शोभणारा.
आणि इथे ज्याच्यावर चुली पेटतात
तो होरिता, आठ हातांचा ऑक्टोपस,
जगून जगून जगतो किती?
वर्ष, फार तर थोडं वर.
पोर रांगायला लागून चालेपर्यंत
त्याचा जन्म, संसार, मरण, सगळं उरकलेलं.

चिंचेखाली बैठक बसली तेव्हा
म्हातारा त्सिआंबेना हसला होता :
समुद्राला कुलूप? आणि किल्ली कुणाच्या कमरेला?
सगळा समुद्र नाही, बाया म्हणाल्या.
त्या दोन काठ्यांमधली पट्टी. अडीच महिने.
बाकीचा आहेच की, खरवडायला.
ठरलं. मोडेल त्याला दंड, एक पोतं तांदूळ.

एक्केचाळिसाव्या रात्री
सोअवेलोच्या धाकट्याला ताप चढला.
बर्फाचा ट्रक पहाटे येणार होता.
ती काठ्यांच्या आत गेली.
(हे तिनं मला फार उशिरा सांगितलं,
जाळं उसवत, माझ्याकडे न बघता.)
दगड सरकवला, गज घातला.
निघाला तो फिकट, लिबलिबीत,
हाताला वजनच नाही.
मग बॅटरी आत धरली तर
बिळाच्या छताला लोंबत होत्या
अंड्यांच्या माळा, तांदळाच्या कण्यांएवढ्या अंड्यांच्या.
ती आई होती. महिनाभर उपाशी,
माळांवर पाणी फुंकत बसलेली.
तसंही पिल्लं फुटली की मरणारच होती.
पण फुटली की.

ट्रकवाल्यानं काट्याला लावून बघितली
आणि परत दिली. एवढीशी घेत नाही म्हणाला.
ताप आपोआप उतरला.

कुणी पाहिलं नव्हतं तिला.
तरी पुढच्या बैठकीत उठून तिनंच सांगितलं.
पोतं फेडायला चार महिने लागले,
आणि जावेनं बोलणं टाकलं ते टाकलंच.

पट्टी उघडली त्या दिवशी
मीही गुडघाभर पाण्यात होते.
शेजारची दोन गावं आली, होड्या भरून.
दोन-दोन किलोंचे निघाले.
पोरं नाचली, काही जणांत हाणामारी झाली,
दुपारपर्यंत इतका खडक तुडवला गेला
की मला वाटलं, संपलं, फिटलं अडीच महिन्यांचं पारणं.
सोअवेलो एका बिळापाशी थांबली,
वाकली, आत बघितलं,
दगड होता तसा दारावर सरकवला
आणि पुढे गेली.

संध्याकाळी तिला मी आमच्याकडचं सांगितलं :
दही कितीही गोड लागलं तरी
भांड्याच्या तळाशी चमचाभर ठेवतात,
उद्याच्या दुधाला.
तिनं आयुष्यात दही खाल्लेलं नव्हतं,
पण ऐकलं मन लावून.

आणि तो चमचा कुणी खाल्ला तर?
शेजारणीकडून आणायचा, मी म्हटलं.
आणि शेजारणीनंही खाल्ला असला तर?

वही मांडीवर होती. लिहायला काही सुचेना.
भरती चढत होती.
पट्टीच्या दोन काठ्यांपैकी एक
पाण्यात गेली होती, दुसरीचं
वीतभर टोक दिसत होतं.